निश्चित दर की बदलता दर? ब्रिटनमधील घरगुती ऊर्जाकरारांचा विचार

ग्रेट ब्रिटनमध्ये, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स या प्रदेशांत, घरात येणारी वीज आणि नळाने येणारा गॅस कोणत्या पुरवठादाराकडून घ्यायचा आणि कोणत्या अटींवर घ्यायचा, हे ठरवण्याची मुभा आणि जबाबदारी प्रत्येक कुटुंबावर सोपवलेली आहे. उपलब्ध करारांची नावे अनेक असली तरी त्यांच्या मुळाशी दोनच प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात पुरवठादार एक किंवा दोन वर्षांच्या ठरावीक मुदतीसाठी दर बांधून देतो आणि त्या मुदतीत घाऊक बाजारात काहीही उलथापालथ झाली तरी तो दर बदलत नाही. त्याला येथे ‘निश्चित दर’ म्हटले आहे. दुसऱ्या प्रकारात मुदत नसते, पुरवठादार पूर्वसूचना देऊन दर वाढवू किंवा घटवू शकतो, आणि ज्या कुटुंबाने कोणतीच निवड केलेली नाही ते आपोआप याच प्रकारात जाऊन पडते. हा ‘बदलता दर’. या दोहोंपैकी कोणता स्वीकारावा हा प्रश्न वरवर पाहता घरखर्चाच्या वहीपुरता वाटतो. परंतु जगाच्या गॅसबाजारातील चढउताराचा धोका कोणी वाहायचा, कुटुंबाने, पुरवठादाराने की शासनाने, हा सार्वजनिक धोरणातला एक मोठा वाद त्याच्या पोटात दडलेला आहे, आणि म्हणूनच त्याचा सविस्तर विचार करणे अगत्याचे ठरते.

विषयप्रवेशापूर्वी बिलाची रचना समजून घ्यावी लागते. ब्रिटनमधील घरगुती बिलाचे दोन भाग असतात: वापरलेल्या प्रत्येक युनिटमागे, म्हणजे किलोवॅट-तासामागे, लागणारा दर आणि वापर शून्य असला तरी दररोज लागणारा स्थिर आकार. गॅसचा वापरसुद्धा तेथे किलोवॅट-तासांतच मोजला जातो. महाराष्ट्रातील वीजग्राहकाला स्थिर आकार ही रक्कम मासिक बिलावर परिचयाची आहे. ब्रिटनमध्ये ती दिवसागणिक मोजली जाते, एवढाच फरक. निश्चित दराच्या करारात गोठवला जातो तो युनिटचा दर आणि हा स्थिर आकार; बिलाची एकूण रक्कम गोठत नाही, कारण वापर वाढला की बिल वाढणारच. या बाबतीत आणखी एक घोटाळा सर्रास होतो. बहुतेक कुटुंबे बँकेतून दरमहा परस्पर वळती होणाऱ्या समान हप्त्यांनी बिल भरतात, आणि हप्ता दरमहा सारखाच असल्याने आपला दरही निश्चित आहे अशी त्यांची समजूत होते. वास्तविक तो हप्ता म्हणजे वर्षाच्या अंदाजित खर्चाचा बारावा भाग असतो आणि बदलत्या दराच्या ग्राहकालाही तो तसाच आकारला जातो.

निवडीची ही व्यवस्था निर्माण होण्यामागे एक विशिष्ट राजकीय विचार होता. १९८६ मध्ये ब्रिटिश गॅस या सरकारी कंपनीचे खासगीकरण झाले, १९९० च्या अखेरीस प्रादेशिक वीजकंपन्या विकल्या गेल्या, आणि १९९९ च्या मध्यापर्यंत देशातील प्रत्येक घराला गॅस व वीज या दोन्हींचा पुरवठादार बदलण्याचा अधिकार मिळाला. ग्राहक स्वस्त पुरवठादाराकडे धाव घेतील, त्या भीतीने सर्वच पुरवठादार दर खाली ठेवतील, आणि मग दरांवर सरकारी नियंत्रणाची गरज उरणार नाही, असे गृहीत धरून २००२ मध्ये किरकोळ दरांवरील उरलीसुरली नियंत्रणेही उठवण्यात आली. प्रत्यक्षात ग्राहकांनी तशी धाव घेतली नाही. स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने दोन वर्षांच्या चौकशीनंतर २०१६ मध्ये सादर केलेल्या अहवालात सहा बड्या पुरवठादारांचे सुमारे ७० टक्के घरगुती ग्राहक महागड्या बदलत्या दरावरच राहिल्याचे दाखवून दिले आणि खऱ्या स्पर्धेत जे भरावे लागले असते त्याहून ग्राहक वर्षाला सुमारे १४० कोटी पौंड अधिक भरत असल्याचा निष्कर्ष काढला. नव्या ग्राहकाला पहिल्या वर्षी आकर्षक निश्चित दर द्यायचा, मुदत संपताच त्याला गुपचूप बदलत्या दरावर ढकलायचे, आणि तो विसरला की नफा कमवायचा, ही त्या काळची रूढ पद्धत होती. ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हते, जे वृद्ध होते, भाड्याच्या घरात राहत होते किंवा ज्यांचे उत्पन्न तुटपुंजे होते, तेच मोठ्या संख्येने या दरावर अडकले होते, आणि याच कारणाने ती पद्धत अन्याय्य होती असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

या अहवालानंतर संसदेने २०१८ मध्ये कायदा करून बदलत्या दरावर कमाल मर्यादा घालण्याचे काम ‘ऑफजेम’ या ऊर्जा नियामकाकडे सोपवले आणि १ जानेवारी २०१९ पासून ही दरमर्यादा, तेथील बोलीत ‘प्राइस कॅप’, अमलात आली. उत्तर आयर्लंडमध्ये स्वतंत्र नियामक असल्याने ही व्यवस्था तेथे लागू नाही. ऑफजेम घाऊक बाजारातील गेल्या काही महिन्यांच्या आगाऊ सौद्यांचे भाव, जाळ्याच्या देखभालीचा खर्च, शासकीय अधिभार, पुरवठादाराचा कारभारखर्च आणि माफक नफा यांची बेरीज करून दर युनिटमागची व दर दिवसामागची कमाल रक्कम ठरवते. आरंभी हा आढावा वर्षातून दोनदा होत असे. ऑक्टोबर २०२२ पासून तो दर तीन महिन्यांनी, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत लागू होतो. म्हणजे आजचा बदलता दर हा पुरवठादाराच्या लहरीवर सोडलेला दर राहिलेला नसून बाजाराच्या मागोमाग काही महिन्यांच्या अंतराने चालणारा, नियामकाने बांधलेला दर झाला आहे. २०१९ पूर्वीचा सल्ला, की बदलत्या दरावर कधीच राहू नये, आज जसाच्या तसा लागू होत नाही याचे कारण हेच आहे.

दरमर्यादेचा आकडा ज्या रूपात जाहीर होतो त्या रूपानेच मोठा गैरसमज पसरवला आहे. ऑफजेम ही मर्यादा एका ‘सर्वसाधारण’ कुटुंबाच्या वार्षिक खर्चाच्या रूपात सांगते. २०२३ च्या ऑक्टोबरपासून असे कुटुंब वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस वापरते असे मानले गेले. एप्रिल २०२४ च्या तिमाहीत बँकेतून हप्ता भरणाऱ्या ग्राहकासाठी विजेचा सरासरी कमाल दर युनिटला २४.५ पेन्स व स्थिर आकार दिवसाला सुमारे ६० पेन्स होता, तर गॅससाठी हेच आकडे सुमारे ६ पेन्स आणि ३१ पेन्स होते; त्यांचा गुणाकार आणि बेरीज केली की १,६९० पौंड हा वर्तमानपत्रांतून झळकलेला आकडा निघतो. यातले जवळपास ३३४ पौंड केवळ स्थिर आकाराचे आहेत, म्हणजे घराला कुलूप लावून वर्षभर बाहेर गेलेल्या माणसालाही ते चुकत नाहीत. मर्यादा दरांवर आहे, बिलावर नाही. जुन्या, गळक्या खिडक्यांच्या घरात राहणाऱ्या मोठ्या कुटुंबाचे बिल या आकड्याच्या दुप्पटही होऊ शकते. २०२२ च्या शरद ऋतूत खुद्द पंतप्रधान लिझ ट्रस यांनी, शासनाने तेव्हा दिलेल्या दरहमीविषयी बोलताना, मुलाखतींमधून कोणालाही २,५०० पौंडांहून अधिक भरावे लागणार नाही अशा अर्थाची विधाने केली होती आणि ती चुकीची असल्याचे लगेच दाखवून द्यावे लागले, यावरून हा गैरसमज किती वरपर्यंत पोचला होता ते कळते.

निश्चित दर कसा ठरतो हे कळल्याशिवाय तो महाग की स्वस्त याचा निवाडा करता येत नाही. एखाद्या कुटुंबाला वर्षभराचा दर बांधून देणारा पुरवठादार त्या कुटुंबाला लागणारी ऊर्जा आगाऊ सौद्यांच्या बाजारात, म्हणजे पुढील महिन्यांत व ऋतूंत पुरवायच्या मालाचा भाव आजच ठरवणाऱ्या बाजारात, आधीच विकत घेऊन ठेवतो किंवा निदान तसे करणे अपेक्षित असते. त्यामुळे निश्चित दरात बाजाराचा आजचा अंदाज आधीच सामावलेला असतो, आणि त्यावर अंदाज चुकण्याच्या जोखमीचे काही मोल चढवलेले असते. याचा अर्थ असा की पुढच्या हिवाळ्यात भाव चढतील ही बातमी वर्तमानपत्रात वाचून जो ग्राहक निश्चित दराकडे वळतो त्याला ती बातमी दरात मिसळलेलीच मिळते. बाजाराला ठाऊक नसलेले असे त्याच्याजवळ काही नसते. निश्चित दर हा विम्यासारखा आहे: हप्ता वसूल झाला नाही म्हणून विमा चुकला असे कोणी म्हणत नाही, मात्र हप्ता अवाच्या सवा नाही ना, हे पाहावेच लागते.

हा विमा किती मोलाचा ठरू शकतो आणि तो कोणत्या ठिकाणी फाटतो, या दोन्ही गोष्टी २०२१ आणि २०२२ या वर्षांनी एकदमच दाखवून दिल्या, आणि या विषयावरचे कोणतेही विवेचन त्या दोन वर्षांपाशी थांबल्यावाचून पुढे जाऊ शकत नाही. ब्रिटनमधील बहुसंख्य घरे गॅसवर तापतात आणि विजेच्या घाऊक बाजारातही बहुधा गॅसवर चालणारे केंद्रच शेवटचा, म्हणजे भाव ठरवणारा, विक्रेता असते. त्यामुळे गॅस महागला की दोन्ही बिले एकदम चढतात. त्यातच देशातील सर्वांत मोठे गॅससाठवणूक केंद्र, यॉर्कशरच्या किनाऱ्यालगतचे ‘रफ’, २०१७ मध्ये बंद करण्यात आले होते. कोरोनाच्या साथीनंतर वाढलेली मागणी, युरोपातील अपुरे साठे आणि रशियाने आखडता घेतलेला हात यांमुळे २०२१ च्या उत्तरार्धात भाव भडकले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यावर ते आवाक्याबाहेर गेले. सर्वसाधारण कुटुंबाच्या हिशेबाने दरमर्यादा ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड होती. ती एप्रिल २०२२ मध्ये १,९७१ पौंड झाली आणि ऑक्टोबरसाठी ३,५४९ पौंड जाहीर झाली. २०२१ च्या पूर्वार्धात ज्यांनी दोन वर्षांचा निश्चित दर घेतला होता आणि ज्यांचा पुरवठादार टिकला, त्यांना या वादळाची झळ जवळजवळ लागलीच नाही.

पण पुष्कळांचा पुरवठादार टिकला नाही. आगाऊ खरेदी न करता रोजच्या बाजारावर विसंबून स्वस्त निश्चित दर वाटणाऱ्या छोट्या कंपन्या एकामागून एक कोसळल्या. २०२१ च्या मध्यापासून वर्षभरात बुडालेल्या पुरवठादारांची संख्या तीसच्या घरात गेली. नियामकाने त्यांच्या ग्राहकांना अन्य पुरवठादारांकडे सोपवले, त्यांचा पुरवठा एक दिवसही खंडित झाला नाही आणि त्यांची जमा रक्कमही सुरक्षित राहिली, परंतु निश्चित दराचा करार मात्र कंपनीबरोबरच बुडाला आणि ग्राहक थेट दरमर्यादेवरच्या बदलत्या दरावर आले. म्हणजे ज्या संकटासाठी दर बांधून घेतला होता नेमक्या त्याच संकटात तो हातातून सुटला. बदलते दर आकारणाऱ्या ‘बल्ब’ या पंधरा लाखांवर ग्राहक असलेल्या कंपनीलाही नोव्हेंबर २०२१ मध्ये विशेष प्रशासनाखाली घ्यावे लागले, कारण सहा महिने न हलणारी दरमर्यादा घाऊक भावाच्या कितीतरी मागे पडली होती. या पडझडीचा खर्च, राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०२२ मधील अंदाजानुसार बल्ब वगळूनच सुमारे २७० कोटी पौंड, म्हणजे घरटी ९४ पौंड, सर्वच ग्राहकांकडून मुख्यतः विजेच्या स्थिर आकारातून वसूल झाला. ज्या नियामकाने पुरेसे भांडवल नसलेल्या कंपन्यांना वर्षानुवर्षे परवाने दिले त्याच्या पदरी या नुकसानीचा मोठा दोष येतो, आणि निश्चित दराची तुलना करणाऱ्या प्रत्येकाने दर देणारा कोण आहे हा प्रश्न दराच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे, हा त्यातून निघणारा धडा आहे.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये घाबरून गेलेल्या असंख्य कुटुंबांनी तेव्हा लागू असलेल्या मर्यादेहून कितीतरी चढ्या दराने करार केले. त्यानंतर ८ सप्टेंबर रोजी शासनाने ऊर्जा किंमत हमी योजना जाहीर केली आणि सर्वसाधारण कुटुंबाचा खर्च ऑक्टोबरपासून वार्षिक २,५०० पौंडांच्या हिशेबाने रोखला, विजेचा दर युनिटला सुमारे ३४ पेन्स आणि गॅसचा १०.३ पेन्स धरून. चढे निश्चित दर घेतलेल्यांनाही विजेच्या युनिटमागे १७ पेन्सांपर्यंत व गॅसच्या युनिटमागे ४.२ पेन्सांपर्यंत सूट देण्यात आली, त्यामुळे बहुतेकांची अडचण निभावली, तरी सर्वांत चढ्या दराचे करार सूट वजा जाऊनही हमीदराच्या वरच राहिले. जानेवारी २०२३ साठी मर्यादा ४,२७९ पौंडांवर गेली, परंतु हमीमुळे ती ग्राहकापर्यंत पोचली नाही. बदलत्या दरावर असलेल्या माणसाच्या पाठीशी त्या हिवाळ्यात शासन उभे राहिले ही वस्तुस्थिती आहे. पुढच्या वेळी ते राहीलच असे धरून चालणे मात्र धोक्याचे आहे, कारण हा निर्णय एका विशिष्ट राजकीय क्षणाचा होता, कायद्याने दिलेल्या हक्काचा नव्हता.

शांत वर्षांत हाच हिशेब फार लहान फरकांचा होतो. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या वर्षातील चार तिमाहींच्या मर्यादा १,६९०, १,५६८, १,७१७ आणि १,७३८ पौंड होत्या. एखाद्या कुटुंबाने एप्रिलमध्ये त्या महिन्याच्या मर्यादेइतक्याच, म्हणजे १,६९० पौंडांच्या, निश्चित दराचा करार केला होता असे धरले, तर चार आकड्यांची साधी सरासरी १,६७८ असल्याने त्याचे बारा पौंडांचे नुकसान झाले असे वाटेल. परंतु गॅसचा वर्षभरातला बहुतांश वापर ऑक्टोबर ते मार्च या थंडीच्या महिन्यांत होतो आणि त्याच दोन तिमाही महाग होत्या, म्हणून वापराच्या प्रमाणात मोजले की हे नुकसान जवळपास पुसले जाते. वार्षिक सरासरीचे आकडे तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर ठळक दिसतात, आणि कोणत्या महिन्यात किती युनिट जळतात हे त्यांत दिसत नाही. ज्या घरात गॅसची जोडणीच नाही आणि सारे तापवणे विजेवर चालते त्या घराला तर ‘सर्वसाधारण कुटुंबा’चे आकडे निरुपयोगीच आहेत.

या दोन मूळ प्रकारांच्या पलीकडे गेल्या काही वर्षांत आणखी चंचल दर आले आहेत आणि त्यांचा येथे थोडक्यात उल्लेख पुरेसा आहे. रात्रीचे सात तास स्वस्त वीज देणारी ‘इकॉनॉमी ७’ ही योजना १९७८ पासूनची आहे. आता स्मार्ट मीटरमुळे ऑक्टोपस या कंपनीच्या ‘अजाइल’सारख्या योजनांत दर अर्ध्या तासाला भाव बदलतो, दुसऱ्या दिवसाचे भाव आदल्या दिवशी दुपारी कळतात, संध्याकाळी चार ते सात या वेळेत ते चढतात आणि वादळी वाऱ्याच्या रात्री पवनचक्क्यांची वीज उदंड झाली की कधीकधी शून्याखालीही जातात. विजेवर चालणारी मोटार रात्री भारित करणाऱ्या घराला त्यांतून खरा लाभ होतो. ज्या घरात संध्याकाळी मुले शाळेतून येतात, स्वयंपाक होतो आणि त्याच वेळी घर तापवावे लागते, त्याने त्यांच्या वाटेला जाण्यापूर्वी आपला वापर हलवता येतो का, हे तपासावे.

कराराच्या अटींपैकी तीन गोष्टी व्यवहारात निर्णायक ठरतात. मुदतीपूर्वी करार मोडल्यास प्रत्येक इंधनामागे भरावी लागणारी रक्कम अनेक करारांत ५० पौंडांच्या आसपास असते आणि काहींत मुळीच नसते. ती नसेल किंवा अल्प असेल तर निश्चित दरातला धोका बराच कमी होतो, कारण भाव कोसळले तर ग्राहक बाहेर पडू शकतो. मुदतीच्या अखेरच्या ४९ दिवसांत करार मोडण्याचा आकार घेता येत नाही. आणि मुदत संपल्यावर काहीच केले नाही तर ग्राहक पुन्हा बदलत्या दरावर जातो, म्हणून ती तारीख नोंदवून ठेवणे हे अर्धे काम आहे. ब्रिटनमध्ये शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांचा या प्रश्नाशी पहिला संबंध येतो तो भाड्याच्या घरात पाऊल टाकताच: आधीच्या भाडेकरूच्या पुरवठादाराशी त्यांचा आपोआप बदलत्या दराचा करार झालेला असतो, आणि बिल ते स्वतः भरत असतील तर पुरवठादार बदलण्याचा अधिकार घरमालकाला नसून त्यांना असतो, हे अनेकांना कोणी सांगितलेलेच नसते.

महाराष्ट्रात राहणाऱ्या वाचकालाही हा प्रश्न परका राहिलेला नाही. येथे दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो आणि मुंबईचा काही भाग वगळता घरगुती ग्राहकाला पुरवठादार निवडता येत नाही. तरीही बिलावरच्या इंधन समायोजन आकाराच्या ओळीतून कोळशाच्या आणि खरेदी केलेल्या विजेच्या खर्चातला चढउतार ग्राहकापर्यंत पोचतच असतो. केंद्र शासनाने २०२३ मध्ये वीजग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून सूर्यप्रकाशाच्या तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी आणि मागणीच्या ऐन वेळी तो अधिक ठेवण्याची तरतूद केली, आणि शेती वगळता अन्य ग्राहकांना ती १ एप्रिल २०२५ पासून, स्मार्ट मीटर बसताच, लागू होईल असे ठरवले. संध्याकाळी घरी परतणाऱ्या नोकरदार कुटुंबावर या व्यवस्थेचा भार पडू शकतो, आणि ब्रिटनने ज्यांना माहिती पोचली नाही त्यांच्याकडून सर्वांत जास्त किंमत वसूल केली, ती चूक येथे होऊ द्यायची नसेल तर दराची रचना बदलण्याआधी ती प्रत्येक घराला समजेल अशा भाषेत सांगितली गेली पाहिजे.

ब्रिटनमधील कुटुंबापुरता निवाडा द्यायचा तर तो असा. ज्या घराला हिवाळ्यातील बिल अचानक शंभर-दोनशे पौंडांनी वाढले तर अन्नावरचा किंवा भाड्यावरचा खर्च तोडावा लागेल, त्याने चालू दरमर्यादेच्या आसपासचा निश्चित दर, सक्षम पुरवठादाराकडून आणि करार मोडण्याचा आकार पाहून, घ्यावा आणि नंतर भाव उतरले तरी हळहळू नये. ज्या घराची गंगाजळी असा धक्का सोसू शकते त्याने दरमर्यादेहून स्पष्टपणे स्वस्त असलेला निश्चित दर मिळाला तरच तो स्वीकारावा, अन्यथा बदलत्या दरावर राहण्यात काही गैर नाही. दोघांनीही सही करण्यापूर्वी गेल्या बारा महिन्यांतील विजेचे आणि गॅसचे युनिट बिलांवरून काढून नव्या दराने गुणावेत, त्यांत ३६५ दिवसांचा स्थिर आकार मिळवावा आणि मगच आकड्यांची तुलना करावी.